बेट कुठल्या उद्यानात, हे आधी विचारा

अंदमानची तिकिटं काढली असतील, तर बॅगा भरायच्या आधी एक काम करा. टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम समोर घ्या. त्यात ज्या ज्या बेटाचं नाव असेल, त्याच्यापुढे पेनाने दोन प्रश्न लिहा. हे बेट सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं का? येत असेल तर कुठल्या? उत्तर मिळेपर्यंत त्या बेटाचे पैसे देऊ नका.

मराठी घरांतून अंदमानला जाणाऱ्यांची रीघ मोठी आहे. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम हे सगळं ठरलेलं असतं आणि त्याबद्दल आपण घरून वाचूनही जातो. पुढच्या दिवसाच्या रकान्यात मात्र 'कोरल आयलंड, ग्लास बॉटम बोट' एवढंच छापलेलं असतं. कुठलं बेट, कुठल्या जेटीवरून, कोणाच्या परवानगीने, याचा पत्ता नसतो, आणि आपण विचारतही नाही. विचारलं नाही की आपली फसगत होते ती होतेच, शिवाय जे पाहायला एवढ्या लांब जातो त्यालाच आपल्या हातून इजा होते.

'कोरल'च्या नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या जागा विकल्या जातात. एक आहे नॉर्थ बे. पोर्ट ब्लेअर शहराच्या जेटीवरून तिथे होड्या जातात. वीस रुपयांच्या जुन्या नोटेच्या मागे माडांआडून दिसणारं जे दीपगृह होतं, ते इथलंच. प्रवाळ इथेही आहे, पण ही जागा सागरी राष्ट्रीय उद्यानात नाही. उरलेल्या दोन जागा म्हणजे जॉली बॉय आणि रेड स्किन. ही दोन्ही बेटं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातली. त्यांच्यासाठी शहरापासून तीसेक किलोमीटर दूर वंडूरच्या जेटीवर जावं लागतं, वनखात्याचा परवाना लागतो, आणि परवान्यासाठी ओळखपत्र लागतं. सकाळी हॉटेलच्या दारात गाडी उभी राहिल्यावर यातलं काही कळलं तर त्याचा उपयोग नाही.

हे उद्यान १९८३ साली जाहीर झालं. क्षेत्र २८१.५ चौरस किलोमीटर, बेटं १५. दक्षिण अंदमानच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लॅबिरिन्थ नावाचा बेटांचा पुंजका आहे. तो आणि त्याच्या दक्षिणेची जुळी बेटं, म्हणजे ट्विन्स, मिळून हे उद्यान होतं. तारमुगली, अलेक्झांड्रा, बोट, हॉबडे, ग्रब, स्नॉब, चेस्टर, बेल, मलाय, प्लूटो ही त्यातलीच नावं. पर्यटकाला पाय ठेवता येतो तो फक्त जॉली बॉय आणि रेड स्किनवर, आणि तोही आळीपाळीने. साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, उरलेल्या काळात रेड स्किन. एका बेटावर माणसं जात असताना दुसऱ्याभोवतालच्या प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून ही पद्धत आहे. सोमवारी दोन्ही बंद. तेव्हा ऑगस्टमध्ये तुम्हाला कोणी जॉली बॉय विकत असेल, किंवा सोमवारचा दिवस त्यासाठी लावला असेल, तर त्याला स्वतःलाच माहिती नाही किंवा तो सांगत नाही, एवढं समजून जा. नेमक्या तारखा ज्या त्या वर्षी वनखात्याकडूनच विचारून घ्याव्यात.

वंडूरच्या जेटीवर होडीत बसण्यापूर्वी पिशव्या उघडून पाहतात. वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, प्लॅस्टिकची बाटली, सगळं बाहेर निघतं. काही वस्तू तिथेच ठेवाव्या लागतात. बाटलीसारखी वस्तू न्यायचीच असेल तर तिच्यासाठी अनामत भरायची, आणि परत येताना ती वस्तू दाखवली की पैसे परत. या तपासणीवर चिडणारी माणसं असतात, त्यांत आपली मराठी माणसंही असतात. त्यांना माझं सांगणं आहे की चिडू नका. त्या तपासणीतल्या माणसाला मदत करा. घरूनच स्टीलची बाटली न्या, खाऊ डब्यात भरून न्या, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि त्याचाही. जॉली बॉयवर राहायची सोय नाही, दुकान नाही, कचरा उचलणारी गाडी नाही. तिथे पडलेलं वेष्टन पुढच्या भरतीला पाण्यात जातं.

उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमीन येते, फाटक येतं, झाडी येते. इथे बेटं ही उद्यानाची लहान बाजू आहे. उद्यानाचा मोठा भाग पाणी आहे, आणि खरा ऐवज त्या पाण्याखाली आहे. प्रवाळ म्हणून आपण ज्याला दगड समजतो, त्याच्या पृष्ठभागावर लहानशी तोंडं असतात. प्रत्येक तोंड म्हणजे एक जिवंत प्राणी, मऊ अंगाचा, तोंडाभोवती बारीक शुंडकांची झालर असलेला. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा या प्राण्याला देतं. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्या शेवाळाचाच. पाणी फार तापलं की हे शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८ साली आणि पुन्हा २०१० साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. गोलसर, भरीव जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. म्हणजे तुमच्या पावलाखाली वीतभर उंचीचा तुकडा मोडला, तर मूल जन्मून कॉलेजात जाईपर्यंतचा काळ तुम्ही मोडलात. कमरेएवढ्या पाण्यात तोल गेला की माणूस खालच्या 'दगडावर' पाय टेकवतो. तिथे दगड नसतो. पोहता येत नसेल तर काचेच्या तळाच्या होडीतून पाहा, त्यात कमीपणा काही नाही.

आता गोंधळाच्या जागा सांगतो, कारण या ठिकाणी भले भले चुकतात.

पहिली जागा सिंक बेटांची. वंडूरच्या दक्षिणेला, रटलँडच्या पलीकडे ही सुंदर बेटं आहेत. पर्यटनाच्या कितीतरी माहितीपत्रकांत ती महात्मा गांधी उद्यानात असल्याचं लिहिलेलं असतं. ती त्या उद्यानात नाहीत. सिंक हे स्वतंत्र वन्यजीव अभयारण्य आहे. जवळ आहे म्हणून आत आहे, असं समुद्रात धरून चालत नाही. उद्यान आणि अभयारण्य यांचे परवाने वेगळे, प्रवेशाच्या अटी वेगळ्या. तुमच्या हातात वंडूरचा परवाना असेल तर तो सिंकला चालणार नाही.

दुसरी जागा हॅवलॉक आणि नील. ही दोन्ही बेटं रिची द्वीपसमूहात आहेत, आणि त्याच द्वीपसमूहात १९९६ साली राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्यावरून बरेच जण समजतात की हॅवलॉकला उतरलो म्हणजे उद्यानात उतरलो. तसं नाही. हॅवलॉक आणि नीलवर गावं आहेत, शेती आहे, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. उद्यान आहे ते हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स, आउट्रम अशा निर्मनुष्य बेटांच्या बाजूला. शिवाय त्याच परिसरात नॉर्थ बटन, मिडल बटन आणि साउथ बटन अशी तीन इवलीशी बेटं आहेत, आणि त्यांतलं प्रत्येक स्वतंत्र राष्ट्रीय उद्यान आहे. साउथ बटनचं क्षेत्र तर ०.०३ चौरस किलोमीटर. म्हणजे हॅवलॉकच्या धक्क्यावरून होडी निघाली की तासा-दोन तासांत ती गावाचं पाणी, एक उद्यान आणि दुसरं उद्यान यांच्या हद्दी ओलांडू शकते, आणि पाण्यावर कुठेही रेघ दिसत नाही.

मराठी वाचकाला याच भागातली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हॅवलॉक, नील, आउट्रम, लॉरेन्स ही सगळी १८५७ च्या काळातल्या इंग्रज सेनानींची आणि अंमलदारांची नावं. त्यांच्या मधोमध उद्यानाला नाव दिलंय झाशीच्या राणीचं. आणि नीलच्या जवळच ज्याने झाशी घेतली त्या सर ह्यू रोजच्या नावाचं एक छोटं बेट आहे. ते मात्र राणी झाशी उद्यानात नाही. ते वेगळं अभयारण्य आहे.

नावं बदलल्याने गोंधळ आणखी वाढतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. २३ जानेवारी २०२३ रोजी २१ निनावी बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावं मिळाली. त्यांत कारवारकडचे रामा राघोबा राणेही आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. होडीवाला जुनं नाव घेतो, तिकिटावर नवं असतं, आणि उद्यान ज्या अधिसूचनेने झालं तिच्यात जे तेव्हा होतं तेच. म्हणून चौकशी करताना दोन्ही नावं सोबत ठेवा. ही बेटं वेगवेगळी समजून कोणी दोनदा पैसे घेऊ नयेत, एवढी खबरदारी तरी घ्यायलाच हवी.

मग खरं उत्तर कुठे मिळतं? फोनवरच्या नकाशात हिरवा पट्टा दिसतो, त्यावर विसंबू नका. तो कधी फक्त जमिनीवर असतो, कधी अंदाजाने आखलेला असतो. कायद्याने हद्द ठरते ती राजपत्रात. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे सरकार राष्ट्रीय उद्यान जाहीर करतं, तेव्हा अधिसूचनेत हद्दी द्याव्या लागतात. क्षेत्र प्रादेशिक समुद्रात असेल तर त्या हद्दी ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाचा सल्ला घ्यावा लागतो, आणि स्थानिक मच्छीमारांच्या पोटापाण्याचा विचार करावा लागतो. एकदा ठरलेली हद्द राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय बदलता येत नाही. म्हणून बेट उद्यानात आहे की नाही, याचा निवाडा करणारा कागद एकच: ती अधिसूचना आणि तिला जोडलेली अनुसूची. अलीकडच्या वर्षांत उद्यानांभोवतालच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचना निघाल्या. त्यांना नकाशे आणि अक्षांश-रेखांशांचे तक्ते जोडलेले असतात. केंद्राच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर त्या कोणालाही उघडता येतात. भाषा किचकट असते हे खरं, पण बेटांची नावं शोधायला वकील लागत नाही. एवढं नको असेल तर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने देशभरातल्या संरक्षित क्षेत्रांची यादी ठेवली आहे. राज्य निवडा, उद्यान आणि अभयारण्य असे दोन्ही तक्ते पाहा. सिंकचं नाव तुम्हाला कुठल्या तक्त्यात सापडतं, ते तिथे कळेल.

पर्यटकाला याहून सोपी वाट आहे. पोर्ट ब्लेअरच्या वनखात्याच्या कार्यालयात किंवा वंडूरच्या माहिती केंद्रात जाऊन थेट विचारा. पण विचारताना प्रश्न नीट विचारा. 'जायला परवानगी आहे का?' एवढंच विचारलंत तर हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळेल. 'हे बेट उद्यानात आहे, अभयारण्यात आहे, की राखीव जंगलात? त्याच्याभोवतालचं पाणी कशात येतं? होडी नांगर कुठे टाकणार?' असं विचारा. नांगराचा प्रश्न विसरू नका. शंभर पोहणाऱ्यांनी होत नाही इतकी मोडतोड प्रवाळावर टाकलेला एक नांगर करतो. आणि जे अभ्यासक आहेत, शिक्षक आहेत, किंवा जिथे राहतात तिथल्या बेटाबद्दल ज्यांना लेखी उत्तर हवं आहे, त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. 'अमुक उद्यानाच्या अंतिम अधिसूचनेची आणि हद्दीच्या नकाशाची प्रत द्यावी' हे एक वाक्य अर्जाला पुरतं.

समुद्रात आणखीही कुंपणं आहेत आणि ती उद्यानाची नाहीत. वंडूरच्या पश्चिमेला नॉर्थ सेंटिनेल आहे. त्याच्याभोवती पाच सागरी मैलांच्या आत जायला बंदी आहे, ती तिथल्या आदिवासींच्या रक्षणासाठी. बाराटांगच्या रस्त्यावर जारवांचं राखीव क्षेत्र लागतं, तिथलाही कायदा तोच, १९५६ चा. या बाबतीत 'थोडं जवळून दाखवतो' म्हणणाऱ्या कोणाच्याही होडीत बसू नका. यात चर्चेला जागा नाही.

बेटं किती, या प्रश्नाचं उत्तरही कायम एकच राहत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने उत्तर अंदमानची जमीन वर उचलली गेली आणि पाण्याखालचं प्रवाळ उघड्यावर येऊन मेलं. दक्षिण अंदमान खचलं. वंडूरच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याने मेलेल्या झाडांचे बुंधे त्यानंतर कितीतरी वर्षं उभे होते. तमिळनाडूत रामेश्वरम ते तुतिकोरीन यांच्या दरम्यान मन्नारच्या आखाताचं उद्यान १९८६ साली झालं, तेव्हा त्यात २१ बेटं होती. त्यांतली दोन, पूवरसनपट्टी आणि विलांगुचल्ली, आता पाण्याखाली आहेत. चुन्यासाठी वर्षानुवर्षं भोवतालचं प्रवाळ खणून नेलं गेलं, आणि लाटांना अडवणारा बांध गेल्यावर वाळूचं बेट टिकलं नाही. कागदावर अजून २१ दिसतील. द्वारकेला जाणाऱ्यांनी जामनगरजवळचं कच्छच्या आखाताचं उद्यानही पाहावं. १९८२ साली झालेलं. तिथल्या उद्यान आणि अभयारण्यात मिळून ४२ बेटं मोजतात. त्यातल्या नरारा इथे ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या खडकावरून चालत जाता येतं, वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊन. भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघालात तर पाणी पाहून परत याल.

आणि बेट उद्यानात नाही असं उत्तर मिळालं, तर? नॉर्थ बेला प्रवाळ तोडायची मोकळीक आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, वाघाच्या बरोबरीने. ते कुठेही तोडणं, वेचणं, बाळगणं गुन्हा आहे, मेलेला पांढरा तुकडा वाळूत सापडला तरीही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. मुलांच्या खिशात शिंपले असतात, प्रवाळाचे तुकडे असतात. विमानतळावर सामान तपासलं जातं, तेव्हा ते बाहेर निघतात आणि आईबाप कानकोंडे होतात. किनाऱ्यावरच खिसे रिकामे करून घ्या. शंखशिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर सरकारी दुकानातून घ्या आणि पावती सामानात नव्हे, हाताशी ठेवा.

एवढ्या लांब जायचं नसेल, त्यांना हाच प्रश्न मालवणात विचारता येईल. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातलं ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे, पद्मगड आहे, आणि भोवतालचे पाण्याखालचे खडक आहेत. दर दिवाळीच्या सुट्टीत हजारो माणसं मालवणच्या धक्क्यावरून होडीने किल्ल्यावर जातात. आपण महाराष्ट्राच्या एकमेव सागरी अभयारण्याच्या गाभ्यातून चाललो आहोत, हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितलेलं असतं? स्नॉर्केलिंगला नेणाऱ्यांना विचारा की तुमची जागा गाभा क्षेत्रात येते की बाहेर. विचारताना आवाज चढवू नका. अभयारण्याला मालवणच्या मच्छीमारांचा विरोध होता, आणि त्यामागे पोटाची काळजी होती. रापण ओढणाऱ्या माणसाला आपल्या समुद्रातला खडक न् खडक ठाऊक असतो, भरती-सुकती ठाऊक असते, आणि हद्द कुठून कुठे जाते हेही त्याला बहुतेक वेळा आपल्याहून चांगलं कळतं. त्याला विचारा, मग वनखात्याच्या कार्यालयात विचारा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर अधिसूचनेची प्रत मागा. कार्यालय मालवणात असो की पोर्ट ब्लेअरला, ती मागायचा हक्क तुम्हाला आहे.